दलदलीवर टांगलेली वाटी

"सूनबाई, परत आणलीस की वाटी घासायची नाही. देवाची असली तरी नाही."

मामंजींचा आवाज कानात होता, तरी हातानं घात केलाच. देवापुढची चांदीची वाटी रोज पहाटे लख्ख करायची, हा माझा लग्नापासूनचा नेम. आठवडाभर दलदलीवर टांगलेली वाटी मी घरी आणली आणि पहाटे, डोळ्यांत झोप असताना, घासून ठेवली.

मामंजींनी उभी हयात त्या दलदलीवरची हवा मोजली. गंधकाचे वायू चिखलातून निघतात, समुद्रातूनही निघतात, "नाव मात्र एकट्या ज्वालामुखीचं होतं," असं ते कुरकुरायचे. कामावरून आले की सासूबाई दारातच अडवायच्या, "आधी अंघोळ! नासक्या अंड्यांचं पोतं घरात नको." पुढे बांध घातला, भरतीचं पाणी अडलं, दलदल सुकली. वासही गेला.

यंदा बांधाची दारं उघडली. पण मामंजी आता खाटेवर, आणि नाकाला वास कधीचाच येईनासा झालेला. दलदल पुन्हा श्वास घेतेय का, एवढंच त्यांना हवं होतं.

"मी जाऊन वास घेते की," मी म्हटलं होतं.

"तुझं नाक मायाळू आहे. मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगशील. चांदीला तो वायू लागला की ती काळी पडते. देवापुढची वाटीच टांग, स्टीलला काय कळतंय?"

आणि आज मी त्यांच्यापुढे लख्ख वाटी धरली. त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे अजून मेलेलीच."

"नाही हो मामंजी, मीच घासली! फडकं बघा, केवढं काळं झालंय."

"फडकं रोजच काळं होतं." मग ते हसायला लागले, खोकला येईपर्यंत. "जगात कुणी पुरावा इतका भक्तिभावानं पुसला नसेल!"

मला मात्र हसू येईना. त्यांचा हात हातात घेऊन म्हटलं, "या वेळी तशीच आणीन. आधी तुमच्या हातात, मग देवापुढे."

"आणि काळी असली तर? नेमाचं काय?"

"ते मी देवाशी बोलते."

बोलले. काही दिवस तुझ्यापुढची वाटीची जागा रिकामी राहील, मग कदाचित काळी वाटी येईल, सांभाळून घे, एवढंच. मामंजींचा डोळा लागला होता. वाटी पदरात बांधली, सुतळी घेतली, दाराची कडी न वाजवता लावली आणि बांधाच्या वाटेला लागले.