तक्रारदार क्रमांक दोन

मनगटाच्या वर, घड्याळाचा पट्टा संपतो तिथून कोपराकडे गेलेला तो डाग... गुळगुळीत, फिकट, त्यावर केस पुन्हा उगवलेच नाहीत. भीमराजला मघापासून तेवढंच दिसत होतं. समोर वकीलबाई कागद वाचून दाखवत होत्या, खाली घाटकोपर स्टेशनकडे निघालेल्या रिक्षा एकमेकींवर ओरडत होत्या, आणि शेजारच्या खुर्चीतल्या सुयोगने हात टेबलावर असा ठेवला होता की डाग नेमका वर यावा. एअरबॅग उघडताना भाजलं म्हणे. इतक्या जोरात उघडते ती, की वाचवतानासुद्धा चटका देते. सुयोगची, चालवणाऱ्याची, उघडली. डावीकडची उघडली नाही. डावीकडे नीलम बसली होती.

याला निदान चटका तरी मिळाला, असं भीमराजच्या मनात आलं, आणि आपण चटक्याचासुद्धा हेवा करतो आहोत हे त्याच्या लक्षात आलं, तरी नजर हलेना. आंघोळ करताना हा डाग त्याला रोज दिसत असणार. रोज आठवण येत असणार. माझ्याकडे काय आहे? भिंतीवरचा फोटो, तोही सोसायटीच्या हळदीकुंकवातला, तिला न आवडलेला.

"ऐकताय ना भीमराजदादा?" वकीलबाई म्हणाल्या. मानसी त्यांचं नाव. वयाने लहान, पण बोलण्यात एकदम कडक. "आज सही झाली की मी हे ग्राहक आयोगात दाखल करणार. पुढच्या तारखेला गाडीच्या कंपनीचा वकील सुयोगची उलटतपासणी घेईल. तुम्हाला तिथे मध्येच तोंड उघडायचं नाही. मागच्या वेळी वाट लावली होतीत माझी."

भीमराज मान हलवून हसला. मागच्या वेळी कंपनीचा वकील म्हणाला होता, मयत बाईंनी बेल्टच लावला नसावा, म्हणून त्या बाजूची बॅग उघडली नाही, गाडीत दोष नाही. तेव्हा भीमराज उभा राहून ओरडला होता, "लावला होता!" सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तुम्ही गाडीत होता का, असं त्या वकिलाने शांतपणे विचारलं. आणि तो बसला. गाडीत तो नव्हता. सुयोग होता.

कागदावरही तसंच आहे. गाडी सुयोगची, म्हणून तक्रारदार क्रमांक एक सुयोग. मयताचा पती म्हणून क्रमांक दोन भीमराज. पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्याने मानसीला विचारलं होतं, नंबर इकडचे तिकडे करता येत नाहीत का? ती म्हणाली होती, "ही काय पाण्याच्या टँकरची लाइन आहे दादा? निकाल लागला तर दोघांचाही लागणार." तो तेव्हाही हसला होता. पण बायको माझी, मेली ती माझी, आणि मी दोन नंबरला... हे कुणाला सांगायचं? सांगितलं तर लोक म्हणणार, भीमराजचं डोकं फिरलं.

तशी सगळी सोय त्यानेच करून दिलेली. भांडुपला एकाच सोसायटीत दोघं, अंधेरीला एकाच लॅबच्या ऑफिसात दोघं. ती बस बदलून बदलून दमायची तेव्हा भीमराजच सुयोगला लिफ्टमध्ये म्हणाला होता, तू रोज गाडी नेतोस ना, हिलाही घेऊन जात जा की. सुयोग म्हणाला, बिनधास्त दादा. मग नीलम त्याच्यासाठी डबा करायला लागली, फुकट कसं जायचं म्हणून. आपल्या नवऱ्याला पोचे आलेला जुना डबा आणि सुयोगला नवा, झाकण घट्ट बसणारा. भीमराज म्हणालाही होता एकदा, मला का नाही गं नवा? ती म्हणाली, "अहो, परक्याच्या गाडीत आमटी सांडली तर? तुमची काय, बॅग धुता येते." दोघं हसले होते. आता तो नवा डबा सुयोगच्याच घरी राहिला. त्या दिवशी सकाळीच दिलेला. मागायचा कसा?

मानसी वाचत होती, "...मयत नीलम या माझ्या गाडीत बसल्याबरोबर नेहमी स्वतःहून सीटबेल्ट लावत असत, व अपघाताच्या दिवशीही त्यांनी तो लावलेला होता..."

नेहमी.

हा शब्द कागदावर असा बसला होता जणू त्याची तिथे खुर्चीच राखून ठेवलेली. भीमराजच्या गाडीत — जुनी, सेकंडहँड, रविवारी आणि तिच्या माहेरी सिन्नरला जाण्यापुरती काढायची — नीलमने कधी बेल्ट लावला नाही. पुढे पोलीस दिसला की पट्टा नुसता छातीवरून ओढून हाताने धरून बसायची, पोलीस मागे गेला की सोडून द्यायची. सुर्रकन तो जागेवर जायचा आणि ती म्हणायची, सुटले बाई. साडीची इस्त्री मोडते म्हणायची. शिवाय तिला त्याच्याकडे वळून बसायचं असे, संत्रं सोलून फोडी त्याच्या तोंडात द्यायच्या असत, पट्ट्याने ते जमत नाही. म्हणून आयोगात ओरडला तेव्हाही त्याच्या मनात होतंच, की कंपनीवाला खरं बोलतो आहे, हिने धरला असेल नुसता हातात. पण शवविच्छेदनाच्या अहवालात डाव्या खांद्यावरून आडवा पट्ट्याचा वळ नोंदला आहे. मानसीने ते वाचून टेबलावर थाप मारली होती, दादा, हा आपला हुकमाचा पत्ता! आणि भीमराजला आनंद व्हायला हवा होता. तो घरी जाऊन जेवला नव्हता. माझ्या गाडीत कधीच नाही, आणि त्याच्या गाडीत बसल्याबरोबर. इस्त्री तिथे मोडत नव्हती का?

सुयोगचा फोन वाजला. "हो गं अपूर्वा, इथेच आहे. नाही, खाल्लं नाही काही. बरं बाई, खातो." बायको. भीमराजने खिडकीबाहेर बघितलं. त्याला जेवला का विचारणारं कुणी फोनमध्ये उरलं नव्हतं, आणि हा माणूस 'बरं बाई' म्हणताना वैतागतो आहे!

"आता एक महत्त्वाचं," मानसीने पेन उचललं. "कंपनीचा वकील तुला विचारणार, टक्कर व्हायच्या आधी काय चाललं होतं. गप्पा मारत होतात का, तुझं लक्ष कुठे होतं. काय बोलत होत्या त्या?"

भीमराजचे हात मांडीवर घट्ट झाले. हेच. इतके दिवस त्याला विचारायचं होतं ते हेच. शेवटचं वाक्य. ते त्याचं असायला हवं होतं आणि ते या माणसाकडे पडून आहे, त्या डब्यासारखं. जिन्यात दिसला की वाटायचं कॉलर धरून विचारावं, पण तोंडातून निघायचं, काय, कसं काय.

सुयोगने हात टेबलावरून खाली घेतला. "काही नाही मॅडम. पवईच्या पुढे नीलम... नीलमताई झोपल्या होत्या."

"झोपल्या होत्या?" मानसीचं पेन थांबलं. "हे आजवर बोलला नाहीस."

"कुणी विचारलं नाही. आणि दादांसमोर..."

"मान कुठे होती? नीट आठव. वाकून झोपल्या होत्या असं त्यांना मिळालं, तर ते तेच धरून बसतील. तुझ्या बाजूला कललेली की खिडकीकडे?"

मानसी केसपुरतंच विचारत होती. पण भीमराजला वाटलं, हिने माझ्या छातीत हात घालून प्रश्न बाहेर काढला. त्याने पहिल्यांदाच सुयोगच्या तोंडाकडे नीट बघितलं. सुयोग थकलेला होता, डोळ्यांखाली काळं होतं.

"सरळ. जरा खिडकीकडे," सुयोग म्हणाला.

खरं असेल. किंवा केससाठी. किंवा मी इथे बसलोय म्हणून.

सिन्नरला जाताना कसारा घाटात नीलम कधी झोपली नाही. अहो सावकाश, अहो ट्रक आहे, वेलची खाता का, शाळेतली माझी मैत्रीण शकु आठवते का, तिच्या मुलीचं जमलं... घाट संपेपर्यंत तोंड बंद नाही. भीमराजला वाटायचं, हौस आहे हिला बोलायची. ती हौस नव्हती तर. राखण होती. माझ्या गाडीत ती जागी राहायची, कारण चालवणारा मी होतो... आणि याच्याशेजारी बेल्ट लावायचा, डोळे मिटायचे. हा विश्वास म्हणायचा का? की परक्याशी बोलायचं काय, म्हणून झोपायचं? त्याने दोन्ही उलटून पालटून बघितलं. एकाने आग होत होती. दुसऱ्याने थोडं थंड वाटायचं आणि मग पुन्हा आग. फक्त एक गोष्ट दोन्हींत तीच राहत होती, की तिला काही कळलं नव्हतं. ती घाबरली नव्हती.

मानसीने लिहून घेतलं. "चालेल. बेल्ट होता, टक्कर समोरून होती, मग झोपलेल्या माणसासाठीही बॅग उघडायलाच हवी. करा सह्या." कागद आधी सुयोगकडे गेला, मग भीमराजकडे. त्याने दुसऱ्या क्रमांकापुढे सही केली. पेन परत देताना त्याच्या तोंडून निघून गेलं,

"घोरत होती?"

मानसीने वर बघितलं. सुयोग गडबडला. मग त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, जे त्याने लगेच आवरलं. "थोडंसं. रोजच. मी रेडिओ बारीक करायचो."

रोजच! संसारात एवढी एकच गोष्ट फक्त आपली आहे, असं भीमराजला वाटत आलं होतं. तिने स्वतः कधी मान्य केली नव्हती, बहिणीसमोर काढली तर चिमटा काढायची. आता ती या माणसाचीही होती, रेडिओ बारीक करून ऐकलेली. त्याला सुयोगच्या थोबाडीत मारावीशी वाटली. आणि त्याच वेळी हेही कळलं, की कितीतरी दिवसांत तो आवाज आठवायचा म्हटला तर आठवत नाही; उशीवर कान ठेवून पडतो, पंख्याचा येतो, शेजारच्या टीव्हीचा येतो, तो येत नाही. हा विसरला नसेल. याच्याकडे तो अजून ताजा असेल.

"दादा, निघूया? मी सोडतो तुम्हाला," सुयोग उठत म्हणाला.

भीमराज उठला नाही. "बस रे जरा," तो म्हणाला. कसा विचारायचा होता तो प्रश्न? कुठून येत होता आवाज, नाकातून की घशातून, मध्येच थांबायचा का... असं कुणी विचारतं का कुणाला? सुयोग पुन्हा बसला, आणि भीमराज त्याच्याकडे बघत राहिला, द्वेषाने, आणि हा आता उठून जाईल या भीतीने.