मुकादमाचा फोटो

बेबाबाईच्या ओसरीत, दाराच्या बरोब्बर वर, तिच्या नवऱ्याचा फोटो टांगलेला होता, आणि त्या फोटोशी तिचं गेली दहा वर्षं भांडण चाललं होतं.

कौतिक गेला तेव्हा त्याचा धड असा एक फोटो घरात नव्हता. होता तो आधार कार्डावरचा, नखाएवढा. फैजपूरच्या चुडामण फोटोवाल्याने ते नखाएवढं तोंड घेतलं, मोठं केलं, गोरं केलं आणि त्याच्याखाली निळा कोट अन् लाल टाय बसवून दिला. चुडामणच्या कॉम्प्युटरात पुरुषांसाठी तेवढा एकच कोट होता. आसपासच्या दहा गावांतली गेलेली माणसं तोच कोट घालून आपापल्या भिंतीवर बसली होती. बायकांसाठी एक हिरवा शालू होता. तोही सगळ्यांना अंगाबरोबर यायचा.

पहिलं वर्षभर बेबाबाई फोटोपुढे उभी राहून विचारायची, तुम्ही कोण? मग सवय झाली, आणि तिथंच घात झाला. आता डोळे मिटून कौतिकला आठवायला जावं, तर केळीच्या बागेतून, घोटाभर चिखलातून, टाय लावलेला एक अनोळखी माणूस चालत यायचा. खरा कुठं गेला ते तिला सापडेना. माणूस एकदा गेला होता, फोटोने दुसऱ्यांदा नेला.

म्हणून जळगावच्या जनावरांच्या डॉक्टरने मुकादमाच्या छातीला नळी लावून, काळीज मोठं झालंय, ही थंडी काढली तर नशीब, असं सांगितलं, तेव्हा बेबाबाईने रडण्याच्या आधी एक गोष्ट ठरवली. मुकादमाचा फोटो तो जिवंत असताना काढायचा. जसा आहे तसा, आणि कोटाशिवाय.

मुकादम हा तिचा कुत्रा. वय वर्षं तेरा, रंग पक्क्या भाजलेल्या विटेचा, डावा कान मुंगसाने फाडलेला, जीभ कायम उजवीकडे लोंबलेली. बागेत केळीची कटाई सुरू झाली की हा बांधावर उभा राहून मजुरांवर भुंके. घड डोक्यावर नीट घेतला तर गप्प, फरफटत नेला तर पोटरीपर्यंत धावून जाई. खरा मुकादम मगन कधीच गुजरातेत निघून गेला होता; त्याच्या जागेवर हा आपणहून रुजू झाला. बेबाबाई घडांना केळीची पानं लावताना गुणगुणायची:

माह्या मुकादमाची रीत, तो बोलतो भुंकून,
घड उचला रे बापा, मान जराशी झुकून.

चुडामणला घरी बोलवायचं ठरलं, कारण मुकादमाच्या काळजाला स्कूटर झेपली नसती. चुडामण आधी नाहीच म्हणाला. तो कुणाच्या घरी जायचा तो गेलेल्या माणसाचा शेवटचा फोटो काढायला. जिवंत गिऱ्हाईक दुकानात येतं, असा त्याचा तीस वर्षांचा शिरस्ता. पण बेबाबाईने तीन दिवस त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून काढले, आणि पायरीवर म्हातारी बसलेली असली की लग्नाची गिऱ्हाइकं आत येईनात. चौथ्या दिवशी सकाळी तो मळ्यात आला.

त्याचा निळा पडदा उंदरांनी खाल्लेला. मग सून चारुलताने पेटीतली नवी पांढरी चादर काढून अंगणात दोन खांबांना बांधली. मुकादम चादरीपुढे तेवढा येईना. चादरीमागे गेला, चादरीखाली गेला, एकदा चादर घेऊन विहिरीपर्यंत गेला. यातच दोन तास गेले. बेबाबाईचा मुलगा हितेंद्र म्हणाला, ओळखीची माणसं समोर बसवा, म्हणजे थारेल. त्या दिवशी कटाई चालू होती. चाळीस घड कापून बांधावर ठेवलेले, ट्रक उभा. मजुरांना हाका मारून अंगणात ओळीने खाली बसवलं आणि ताकीद दिली की बोलायचं नाही, हसायचं नाही, बिडी प्यायची नाही.

तर आता रस्त्यावरून दिसत होतं ते असं: मळ्यातल्या घरापुढे पांढरी चादर, त्यापुढे माना खाली घालून बसलेले पुरुष, आणि चुडामणची स्कूटर.

पहिली आली शेजारच्या मळ्यातली ताईबाई. डोक्यावरून पदर घेतला, काही न बोलता बायकांच्या बाजूला बसली. बेबाबाईला वाटलं, फोटो बघायला आली. तिच्यामागे आणखी चौघी आल्या, पाच-सहा बाप्ये आले. सगळे येऊन बसत होते आणि जमिनीकडे बघत होते. बेबाबाईला भरून आलं. एका मुक्या जनावराच्या फोटोसाठी गाव कामं टाकून येतं, आणि शिस्त केवढी. तिने बोटानेच सगळ्यांना हलू नका म्हणून खुणावलं. ते हलले नाहीत.

अर्ध्या तासाने ताईबाई उठली, बेबाबाईच्या पाठीवर हात ठेवला आणि ‘येते’ न म्हणता चालू लागली.

‘येते’ न म्हणता माणूस एकाच घरातून निघतो. ही सगळी दारावर आली होती, दुखवट्याला. बेबाबाईने घाईने घरची माणसं मोजली. हितेंद्र ट्रकपाशी होता. चारुलता चुलीपाशी होती. नात शाळेत होती, तरी तिने चारुलताकडून बाईंना फोन लावून घेतला. नात पाढे म्हणत होती. मग राहिली ती स्वतः. तिने कुणाला दिसणार नाही असा दंडाला चिमटा काढला. दुखलं. तरी खात्री पटायला दुसरा काढावा लागला.

कुणी मेलं नाही हे सांगायला तिने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात रस्त्यावर क्रूझर गाडी येऊन थांबली. तिच्यातून पांढऱ्याशुभ्र कपड्यांत अकरा माणसं उतरली. चादर बांधली तेव्हाच कुणीतरी मोबाईलवर कळवलं होतं की बेबाबाईच्या दारी चादर लागली आहे, चुडामण आला आहे; कोण गेलं ते कळवणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं आणि असं विचारायची रीत नाही. सगळ्यांत पुढे काठी टेकत नवल आबा. कौतिकचा थोरला चुलतभाऊ. तीस वर्षं पाचोऱ्याला राहून तिकडचं बोलणं त्याच्या जिभेला चिकटलेलं. विहिरीच्या पाळीवरून दोघा भावांचं वाजलं, बोलणं तुटलं, आणि कौतिक गेला तेव्हा आबा आला नव्हता. आता जो कुणी गेला असेल, त्याला तरी पोचायचं, एवढं ठरवून तो निघाला होता.

बेबाबाईने पदर पुढे ओढला. आबाला सांगायचं कसं, की तुम्ही दोन तासांचा रस्ता तुडवत आलात आणि आमच्या घरी सगळे ठणठणीत आहेत? ते तर हाकलून दिल्यासारखं झालं असतं. आबा बसला. अकरा माणसं बसली. अंगणात एवढी शांतता झाली की विहिरीवरच्या पारव्यांना संकोच वाटून ते उडून गेले.

आणि त्या शांततेत मुकादम आला. त्याने बसलेल्या माणसांवरून एक नजर फिरवली. कुणी घड उचलत नव्हतं, कुणी चुकत नव्हतं. तो चादरीपुढे गेला, मागचे पाय दुमडून ताठ बसला, जीभ आत घेतली, कान पाडले आणि खाली जमिनीकडे बघू लागला. चुडामणने एकच फोटो काढला आणि कॅमेरा छातीशी धरून बेबाबाईपाशी आला.

“अक्का, तीस वर्षांत असा बसलेला माणूस मी पाहिला नाही,” तो कुजबुजला. “कोटसुद्धा लागायचा नाही याला.”

बेबाबाईने पाहिलं. फोटो लखलखीत होता. मागे पांढरं आभाळ, पुढे एक घरंदाज, दुःखी, वयस्कर कुत्रा. कुठल्याही घराच्या भिंतीवर शोभला असता. तिला एकदम दिसलं की आणखी दहा वर्षांनी डोळे मिटले तर हाच येईल. हाच, जीभ आत घेतलेला. आणि बांधावरचा तो फाटक्या कानाचा कायमचा हरवेल. सगळे म्हणणार, केवढा सुंदर फोटो, बाई, आणखी काय पाहिजे तुला? आणि तिला तरी कुठं सांगता येत होतं, नेमकं काय पाहिजे.

तेवढ्यात नवल आबाने मान वर केली. त्याची नजर दारावर गेली आणि तिथंच थांबली.

“हाऊ कोन शे?” त्याने काठीने फोटो दाखवला.

“तुमचेच भाऊ, आबा,” बेबाबाई पदराआडून म्हणाली.

आबा उठला. ओसरीत जाऊन त्याने फोटो जवळून पाहिला, लांबून पाहिला, चष्मा काढून पाहिला. “हाऊ कौतिक नही,” तो म्हणाला. “हाऊ तर बँकमाधला साहेब शे.”

दुखवट्यात एवढं मोठ्याने कुणी बोलत नाही, पण आबाला आता थांबवत नव्हतं. तो फोटोकडे पाठ करून सांगू लागला. कौतिकचं कपाळ दोन रंगांचं होतं, टोपीच्या खालचं भाजून काळं आणि टोपीतलं मळलेल्या कणकेसारखं. सावलीत उभा राहिला तरी डावा डोळा बारीक, जसं काही ऊन त्याच्या एकट्याच्या मागावर आहे. आणि गंमत सांगायच्या आधीच तो इतका हसायचा, की त्याची एकही गंमत उभ्या खानदेशात कुणी शेवटापर्यंत ऐकलेली नाही. आबाने एक गंमत अर्धी सांगितली. पुढची त्यालाही माहीत नव्हती. भावाशी पंधरा वर्षं न बोललेल्या त्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी हातातल्या चष्म्यावर टपकलं.

बेबाबाईने डोळे मिटले. बागेतून चिखल तुडवत कुणीतरी आलं, आणि त्याचं कपाळ दोन रंगांचं होतं. ती ओसरीच्या खांबाला धरून तो जवळ येईपर्यंत तशीच उभी राहिली. मग तिने डोळे उघडले आणि चुडामणला सांगितलं,

“चुडामणभाऊ, तो फोटो पुसा. तो माहा मुकादम नही.”

चुडामणने कॅमेरा पाठीमागे लपवला. बेबाबाई अंगणाच्या मधोमध आली.

“अन् आयका सगये. कोनी मेलं नही.”

कुणी हललं नाही. एक बाई हळूच म्हणाली की डोक्यावर परिणाम झाला, पाणी द्या. दुसरीने रडण्याचा सूर लावायला सुरुवात केली होती, तो तसाच हवेत राहिला. पुढे न्यावा की खाली ठेवावा, तिला कळेना. बेबाबाईने सगळं सांगितलं. डॉक्टर सांगितला, चादर सांगितली, कुत्रा सांगितला. अकरा पांढरी माणसं नवल आबाकडे बघू लागली. इतक्या लांबून आणलेलं दुःख परत कसं न्यायचं, हा सगळ्यांपुढे प्रश्न होता.

“पाचोराले जाईसन काय सांगू?” आबा म्हणाला. “बठ्ठा जित्ता शेतस?” सगळे जिवंत आहेत, ही काही दुखवट्याहून न्यायची बातमी नव्हती.

मग बराच वेळ काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून त्याने विचार केला आणि निवाडा दिला, की हे बसणं कौतिकचं. दहा वर्षं उशीर झाला, पण बसणं बसणंच असतं. अंगणाने सुटकेचा श्वास सोडला. दुःखाला धनी मिळाला. हवेत राहिलेला सूर त्या बाईने रीतसर पूर्ण केला, तोही चांगला लांबवून.

तो संपल्यावर बेबाबाई म्हणाली की कौतिकचं बसणं असेल, तर कौतिकने घरी आलेल्याला कधी रिकाम्या हाती बसू दिलेलं नाही. बांधावर चाळीस घड पडलेत, ट्रक सकाळपासून उभा आहे.

केळीचा चीक कपड्याला लागला की काळा पडतो आणि कपडा फाटेल पण डाग जात नाही. हे लहान मूलही जाणतं, म्हणून पांढऱ्या कपड्यांत कुणी कटाईला जात नाही. तरी नवल आबाने बाह्या सारल्या. आबा उठल्यावर बाकीच्यांना बसता येईना. दुखवट्याला आलेली ती माणसं रांगेने बागेत शिरली आणि डोक्यावर घड घेऊन बाहेर पडू लागली. खांद्यावरून चीक ओघळत होता, आणि रीत सुटू नये म्हणून माना खालीच होत्या. मजूर बाजूला उभे राहून बघत होते. त्यांना आजवर इतक्या गंभीरपणे कुणी घड नेलेला आठवत नव्हता.

मुकादम चादरीपुढे अजून बसलेलाच होता. आबाच्या हातून घड निसटला. म्हाताऱ्याने इकडे तिकडे पाहिलं आणि दांडा धरून तो मातीतून ओढायला सुरुवात केली.

मुकादमाचा एक कान वर झाला. मग फाटकाही झाला. जीभ बाहेर पडली, उजवीकडे. त्याने पहिली आरोळी दिली ती विहिरीत घुमून परत आली, आणि पांढरी चादर खांबांसकट आडवी करत तो निघाला. डॉक्टरने सांगितलेलं काळीज घेऊन निघाला. आबा घड टाकून पळाला, मग लाजून परत आला आणि त्याने घड दोन्ही हातांनी पोटाशी धरला. मुकादम भुंकत त्याच्या भोवती फिरत राहिला. बेबाबाई ओरडत होती की काढा, चुडामणभाऊ, आता काढा, आणि चुडामण धावत, अडखळत, एक डोळा मिटून बटण दाबत होता. त्याच्या तीस वर्षांच्या धंद्यात गिऱ्हाइकाने त्याला कधी पळवलं नव्हतं.

ट्रक भरल्यावर तो ओसरीत येऊन बसला. घाम पुसला आणि अपराध्यासारखा कॅमेरा पुढे केला. सगळे फोटो हललेले होते. त्यातला एक बेबाबाईने धरून ठेवला. त्यात विटेच्या रंगाची एक वावटळ होती. वावटळीला एक फाटका कान होता, वाऱ्यावर गेलेली जीभ होती, आणि मागे चिकाने डागाळलेल्या पांढऱ्या कपड्यांचे पाय सैरावैरा पळत होते.

“हाच,” ती म्हणाली. “मोठा करा.”

“अक्का, याला तीन शेपट्या आल्यात,” चुडामण म्हणाला. “एक ठेवतो, बाकीच्या पुसून देतो.”

बेबाबाईने अंगणाकडे पाहिलं. ट्रकपाशी मुकादम अजून नवल आबाचा हिशेब घेत होता.

“राहू द्या,” ती म्हणाली. “कटाईच्या दिवशी त्याले तीनच असतात.”