गरनाळं उडाल्यावरचा निकाल

लोरेतो बुजेयाने आजवर चार अहवाल लिहिले होते आणि चारांपैकी एकातही माल्टाचं पथक 'हरलं' असा शब्द आला नव्हता. ही साधी कामगिरी नाही. युरोपभरच्या शाळकरी वयाच्या खेळाडूंचा महोत्सव दर दोन वर्षांनी भरतो, त्याला आपलं बेट दहा-बारा मुलं पाठवतं, आणि ती मुलं पहिल्याच फेरीत पोहून, पळून, ज्युदोच्या चटईला पाठ टेकवून चहाच्या वेळेपर्यंत मोकळी होतात. मग पथकप्रमुख लोरेतो निकालांच्या तक्त्यात 'शेरा' या शेवटच्या रकान्यात लिहितो : वैयक्तिक सर्वोत्तम. म्हणजे पोरगं आठांत आठवं आलं, पण स्वतःच्या आधीच्या वेळेपेक्षा पाव सेकंद लवकर आठवं आलं. ज्याला तेवढंही साधलं नाही, त्याच्या नावापुढे 'मोलाचा अनुभव'.

हा पाचवा अहवाल शेवटचा होता. लोरेतो चौसष्ट वर्षांचा, शाळेतून निवृत्त झालेला व्यायामशिक्षक. पुढच्या खेपेला समिती कुणातरी तरुणाला पाठवणार होती. स्पर्धेचा चौथा दिवस उजाडेपर्यंत त्याने तीन 'सर्वोत्तम' आणि सहा 'अनुभव' लिहून टाकले होते. राहिली होती एक दोरियाना फारूजा. वय सोळा, मुलींची तीन हजार मीटर.

दोरियाना त्याच्याच गावची, हाल सारेजची. गाव तीन हजार वस्तीचं. चर्च एक, संत दोन आणि बँड दोन. सान रोक्कूवाल्यांचा निळा बँड चौकाच्या या बाजूला, सान लिओनार्दूवाल्यांचा लाल बँड त्या बाजूला, आणि फेस्ताच्या, म्हणजे संताच्या जत्रेच्या, दिवसांत मधोमध पोलीस. लोरेतो निळ्यांचा चिटणीस. दोरियानाचा बाप झारेन लाल बँडचा झेंडेकरी आणि आई मात्र निळ्यांच्या घरातली. असं लग्न गावात चाळीस वर्षांत एकदाच झालं. वरातीत बँड कुणाचा, यावरून इतकं पेटलं की शेवटी नवराबायको टेपवरच्या गाण्यांवर नाचली. तेव्हापासून आईने लालांच्या क्लबाची पायरी चढली नव्हती आणि बापाने निळ्यांच्या क्लबात पाण्याचा घोट घेतला नव्हता. मुलगी दोघांची, म्हणजे खरं तर कुणाचीच नाही. मात्र ती जिंकली तर दोघांचीही असणार होती.

ती चौथी आली.

लोरेतो शेवटच्या वळणाशी कठड्याला टेकून उभा होता. माल्टाची पोरगी शेवटच्या फेरीत तिसऱ्या जागेसाठी झुंजतेय, हे दृश्य त्याने तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यामुळे काय काय पाहायचं हेच त्याला सुचेना. मोल्दोव्हाची एक काटकुळी मुलगी, इलिंका, आतल्या बाजूने पुढे होती आणि दोरियाना तिच्या खांद्याशी. वळणावर इलिंका अडखळली. तिची तीन पावलं पांढऱ्या रेषेच्या आत, गवतावर पडली. ती सावरली, परत धावपट्टीवर आली आणि हातभर अंतराने पुढे राहून तिसरी आली.

तेवढ्यात फोन वाजला. निळ्यांचा अध्यक्ष वेन्झू.

"किती?" नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"चौथी," लोरेतो म्हणाला.

"चौथी? अरे, फेस्ताचा आठवडा आहे, बारांचे नळे भरून पोरं गच्चीवर बसलीत. चौथीला काय उडवू? टोपी?"

"थांब जरा. पुढची रेषेच्या आत गेली होती. तीन पावलं. मी आक्षेप नोंदवतोय. बाद होईल ती."

"म्हणजे तिसरी."

"अजून नाही. कागद द्यायचाय, पंच बघणार, मग..."

"कागदाचं तू बघ की! तू चिटणीस आहेस कशाला?" फोन कानाला तसाच ठेवून वेन्झूने गच्चीकडे तीन बोटं दाखवली असावीत. कारण पुढच्याच क्षणी लोरेतोच्या कानात हाल सारेजची गरनाळं फुटली. एक. दोन. तीन. मग पदक म्हणून आणखी एकवीस.

दुसऱ्या कुठल्या गावात हे इतकं गंभीर नसेल. हाल सारेजमध्ये बातमी आधी गरनाळातून फुटते आणि मग खरी होते. एकसष्ट साली लालांनी गावचा एक पाद्री बिशप झाला म्हणून अर्धा तास बार उडवले. संध्याकाळी कळलं की तो बिशपचा कारकून झालाय. साठ वर्षं उलटली, ते पाद्री देवाघरी गेले, बार उडवणारेही गेले, पण लालांपैकी कुणी मासे घ्यायला गेलं की कोळीण आजही विचारते, "काय बिशप, सुरमई देऊ का?" एकदा उडालेला बार परत नळ्यात जात नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आता निकाल खरा करणं लोरेतोकडे लागलं.

तो आक्षेपाचा कागद घेऊन दोरियानाकडे गेला. ती बूट काढून गवतावर बसली होती. डाव्या मोज्याला भोक होतं आणि ती त्यातून बाहेर आलेल्या अंगठ्याकडे बघत होती.

"उठ, उठ! तू तिसरी आहेस," लोरेतो म्हणाला. "ती आत गेली होती. मी पाहिलंय."

"सर, ती आपण होऊन गेली नाही."

"म्हणजे?"

"माझं कोपर लागलं तिला. बरगडीत."

"शर्यतीत लागायचंच. गर्दी असते."

"लागलं नाही, मी मारलं. ती बाजूला होईना." दोरियानाने वर पाहिलं. "आणि तुम्हीही पाहिलंत. तिथेच तर होतात, टोपी घालून."

लोरेतोने टोपी काढली. पुरावा नष्ट करण्यासारखं त्याच्याकडे तेवढंच होतं. नियम त्याला तोंडपाठ होता, मुलांना त्यानेच शिकवला होता : दुसऱ्याच्या धक्क्याने जो आत जातो, तो बाद होत नाही. धक्का देणारा होतो.

"पंचांच्या पडद्यावर फक्त पाय दिसतायत," तो म्हणाला. "मध्ये ती फिनलंडची उंच मुलगी आडवी आली होती."

"मग?"

"मग काही नाही. दोरियाना, गावात गरनाळं उडालीत."

ती बाहेरच्या गावची असती तर हसली असती. तिने बूट बाजूला सारले. मग हळूच म्हणाली, "कुणी उडवली?"

"आधी निळ्यांनी. मग लाल मागे राहतायत होय! दोघांनी."

"बाबांनीपण?"

लोरेतोने फोन तिच्यापुढे धरला. वेन्झूने चित्रफीत पाठवली होती. चौकात दोन्ही बँड समोरासमोर उभे, आणि पोलीस चक्क आइस्क्रीम खात होते. झारेन लाल झेंडा खांद्यावर घेऊन निळ्या बाजूला चालत आला, वेन्झूच्या गळ्यात पडला, आणि मध्ये दोरियानाची आई ओठाला रुमाल लावून रडत होती. मग आई नवऱ्याचा दंड धरून लालांच्या क्लबाची पायरी चढली. मागून कुणीतरी ओरडलं, "अगं, डाव्या पायाने चढ, उजवा निळा आहे!" आणि सगळा चौक हसला.

दोरियानाने ती चित्रफीत दोनदा पाहिली. मग फोन परत दिला.

"पण सर, खरं..."

"फेस्ता होऊ दे," लोरेतो म्हणाला. "मग बघू."

हाल सारेजमध्ये सगळंच फेस्तानंतर होतं. गळकं छप्पर, जावयाशी भांडण, डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी. आणि निळ्यांचा फेस्ता उरकला की तीन आठवड्यांत लालांचा येतो. 'फेस्ता होऊ दे' या वाक्याने गावाला पिढ्यान् पिढ्या जगवलं होतं. लोरेतोच्या तोंडून ते विचार न करताच आलं.

त्याने कागद दिला. वीस मिनिटांत इलिंका बाद झाली आणि फलकावरचा चौकडा पुसून तिथे तिगडा आला. व्यासपीठावर दोरियाना पदक घालून उभी राहिली तेव्हा छायाचित्रकाराने तिला हसायला सांगितलं. तिने दात दाखवले. लोरेतोने टाळ्या वाजवल्या. तळहात लाल झाले, तरी थांबला नाही. थांबलं तर काहीतरी बोलावं लागलं असतं.

त्या संध्याकाळी जेवणघरात इलिंका एकटीच सुपाची वाटी घेऊन बसली होती, एक हात बरगडीवर. दोरियाना उठून तिच्यासमोर जाऊन बसली. लोरेतो दोन टेबलं पलीकडे पाव कुरतडत होता. त्याला हात हललेले दिसले, शब्द ऐकू आले नाहीत. थोड्या वेळाने दोरियाना त्याच्याकडे आली.

"तिला सांगितलं मी. ती म्हणाली, मला माहितीच आहे, बरगडी माझीच आहे ना."

"हं."

"मग तिच्या प्रशिक्षकांकडे गेलो आम्ही. ते म्हणाले, मुलींनी सांगून काही होत नाही. आक्षेप तुमच्या पथकप्रमुखांनी दिलाय, त्यांनीच लेखी कळवायचं. परवा निकाल कायम होईपर्यंत मुदत आहे." ती उभीच राहिली. "एक ओळ लिहायची सर. मी सांगू का काय लिहायचं?"

"मला लिहिता येतं," लोरेतो तुटकपणे म्हणाला. आणि मग, आवाज उतरवून, "उद्या बघतो."

उद्या परतीचं विमान होतं. विमानात लोरेतोने कोरा कागद मांडीवर घेतला, वर तारीख घातली, 'महोदय' लिहिलं आणि स्वल्पविराम दिला. स्वल्पविराम चांगला आला होता. ढगांवरून जाताना त्याने स्वतःला विचारलं, गावापेक्षा एक मोल्दोव्हाची मुलगी मोठी का? उत्तर त्याला माहीत होतं. शाळेत रांग मध्येच तोडून पुढे घुसणाऱ्या प्रत्येक पोराचा कान त्याने याच उत्तरापायी पिळला होता. त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मुदतीला अजून एक दिवस होता.

हाल सारेजच्या चौकात उभं राहायला जागा नव्हती. दिव्यांच्या कमानी, नुगा या बदामी मिठाईची गाडी, तेलात तळलेल्या खजुराच्या वड्यांचा वास, आणि दोन्ही बँड एकाच कवायतीत एकच धून वाजवत होते. धून कुणाची घ्यायची यावर दुपारभर बैठक झाली होती. तोडगा निघाला : राष्ट्रगीत. पदक कुठल्या संताच्या मूर्तीला वाहायचं यावरही तोडगा निघाला होता : अर्धं वर्ष या, अर्धं वर्ष त्या. इतकं शहाणपण गावाने एकाच दिवसात खर्च केलं, ते पाहून म्हातारी माणसं धास्तावली होती.

चर्चच्या पायरीवर दोरियानाला उभं केलं. एका बाजूला बाप, दुसरीकडे आई, मागे लोरेतो. वेन्झूने ध्वनिक्षेपक तिच्या हातात दिला.

"बोल पोरी, चार शब्द."

दोरियानाने घसा साफ केला. "मी चौथी आले," ती म्हणाली.

चौकात हसू फुटलं.

"बघा, बघा! अशी हवी लेक!" कोळीण ओरडली. "बिशप न होता बिशप झालेत इथे, आणि ही झालेलं नाकारतेय!"

"मी तिला कोपर मारलं," दोरियाना मोठ्याने म्हणाली. "मोल्दोव्हाच्या मुलीला. म्हणून ती आत गेली. पदक तिचं आहे."

आता हसू विरलं. झारेनच्या हातातला झेंडा वाकडा झाला. आईने आधी मुलीकडे पाहिलं आणि मग, नकळत, लालांच्या क्लबाच्या पायरीकडे. वेन्झू लोरेतोच्या कानाशी आला. त्याच्या तोंडाला खजुराचा वास येत होता.

"काय म्हणते ही? लोरेतो, तू तिथे होतास. काय झालं नक्की?"

सगळा चौक लोरेतोकडे बघत होता. निम्म्या चौकाचा कान त्याने कधी ना कधी पिळलेला होता. तो जे म्हणेल ते झालेलं असणार, याबद्दल तिथे कुणालाही शंका नव्हती. खिशात घडी होती. 'महोदय', स्वल्पविराम.

दोरियानाने ध्वनिक्षेपक त्याच्यापुढे धरला. तिच्या डोळ्यांत रागही नव्हता. ती फक्त वाट बघत होती, वर्गात उत्तर तपासून मिळायची बघतात तशी.

"मुलगी दमलीय," लोरेतो म्हणाला. "चार दिवस झोपली नाही. मोठ्या शर्यतीनंतर असं होतं."

चौकाने एकदम श्वास सोडला. झेंडा सरळ झाला. "बिचारी!" "खायला घाला रे आधी!" "अरे, वाजवा ना, बघताय काय!" आणि तुताऱ्या ओठांना लागल्या.

दोरियानाने ध्वनिक्षेपक खाली ठेवला. पदक गळ्यातून काढलं, टाचा उंचावल्या आणि ते लोरेतोच्या गळ्यात घातलं. फीत त्याच्या कानाला अडकली, ती तिने नीट सोडवली.

"हे तुम्ही मिळवलंय सर," ती म्हणाली. हळू, फक्त त्याला ऐकू जाईल एवढंच.

शब्द कुणाला ऐकू गेले नाहीत, पण दृश्य सगळ्यांना दिसलं. मास्तरांच्या गळ्यात शिष्येने पदक घातलं! वेन्झूला हुंदका आला. झारेनने लोरेतोचे दोन्ही गाल चुंबले. दोन्ही गच्च्यांवरून गरनाळं सुटली आणि धुरात चर्चचा घुमट दिसेनासा झाला. धूर विरला तेव्हा दोरियाना पायरीवर नव्हती. ती गर्दीतून वाट काढत घराकडे निघाली होती, आणि लोक तिला पाठीवर थोपटून वाट देत होते.

दुसऱ्या दिवशी मुदत संपली. तिसऱ्या दिवशी लोरेतो अहवाल लिहायला बसला. पदक समोर, फळांच्या परडीत; दोन्ही संतांचे लोक दोनदा मागून गेले होते आणि दोन्ही वेळा तो म्हणाला होता, फेस्ता होऊ दे. दोरियाना सकाळच्या सरावाला आली नव्हती. आईने निरोप पाठवला, ती म्हणते पाय दुखतोय. कुठला, ते सांगितलं नव्हतं.

तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत भरला. नाव : दोरियाना फारूजा. प्रकार : तीन हजार मीटर. स्थान : इथे तो बराच वेळ थांबला, मग तीनचा आकडा काढला. राहिला शेऱ्याचा रकाना. समितीला इथे काहीतरी भारदस्त हवं असणार, 'ऐतिहासिक' वगैरे. त्याने दोरियानाची वेळ तिच्या जुन्या वेळेशी ताडून पाहिली. अकरा सेकंदांनी सुधारली होती. कोपर वळणावरचं, वेळ सगळ्या फेऱ्यांची.

त्याने लिहिलं : वैयक्तिक सर्वोत्तम. त्या ओळीत तेवढं खरं होतं.