मोकळा कप्पा

“मामी, घाई करू नका. डिस्कचे आता दोन कप्पे झालेत. एकात मामांची जुनी सिस्टिम, दुसरा मोकळा. नवी मोकळ्यातच टाकायची,” भाचा फोनवरून सांगत होता. “मग चालू करताना मशीनच विचारेल, जुनी की नवी. थांबा, साहेब बोलावतायत. करतो परत.”

ती पडद्याकडे बघत राहिली. शेजारी चाकांच्या खुर्चीत नवरा. सगळा बाजार त्यांना अक्षरवाले म्हणायचा. लोकांची पत्रकं जुळवता जुळवता त्यांनी कॉम्प्युटरवर स्वतःच्या वळणाची अक्षरं काढायला घेतली होती. एका ‘क्ष’च्या पोटापायी महिनाभर घरात धड बोलले नव्हते. थोडी जोडाक्षरं उरली असताना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचाही गेली. ती अक्षरं उघडायची फक्त जुन्या सिस्टिमवर. गिऱ्हाइकांना मात्र सगळं नवीन हवं. कामं आता तीच करायची, म्हणून दोन्ही ठेवायचा हा खटाटोप.

पडद्यावर कप्प्यांना नावं नव्हती, नुसते आकडे. मोठा आकडा असेल तोच मोकळा, तिनं ठरवलं आणि बाण तिथं नेला.

“अं! अं अं!”

“पाणी हवंय? देते हो, एवढं होऊ दे.”

त्यांनी डाव्या मुठीनं खुर्ची बडवली. गळ्याच्या शिरा फुगल्या.

“अहो, असं काय करता? तुमच्यासाठीच चाललंय ना सगळं?” तिनं ती मूठ लहान मुलाची धरावी तशी घट्ट धरली आणि दुसऱ्या हातानं बटण दाबलं.

त्यांची मूठ तिच्या हातात सैल पडली.

भाच्याचा फोन आला तेव्हा ती खुशीत होती. “झालं रे! एकटीनं केलं!”

“कुठला निवडलात?”

तिनं आकडा सांगितला.

“मामी... तो तर मामांचा कप्पा होता, पुसला गेला. त्यांच्या कामाची वेगळी प्रत आहे ना कुठे?”

तिनं वळून त्यांना विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

“तुम्ही सांगत होतात,” ती म्हणाली. “आणि मी तुमचा हात धरून ठेवला.”

नवी सिस्टिम मालकाचं नाव विचारत होती. डोळे पुसत तिनं त्यांचं नाव टाकलं. त्यांनी कीबोर्ड स्वतःच्या मांडीवर ओढला, डाव्या हाताच्या बोटानं एकेक अक्षर खोडलं, आणि चौकट रिकामी झाल्यावर तो परत तिच्याकडे सरकवला.