अर्धा कप

डॉक्टरांनी फायलीवर पेन टेकवलं आणि तिला विचारलं, "जेवतात का नीट?"

"त्यालाच विचारा की. समोरच बसलाय तो."

तिचा आवाज चढलाच. दोन तास बाहेरच्या बाकावर ताटकळून तिचं डोकं तापलं होतं, आणि आत आल्यापासून डॉक्टर धाकट्या भावाला सोडून तिच्याशीच बोलत होते. भाऊ शिंपी. वीस वर्षं त्याने लोकांची मापं घेतली होती. आताही त्याची नजर डॉक्टरांच्या कोटाच्या बाहीवर होती.

"शिलाई उसवलीये तुमची," तो म्हणाला.

"हं. आवाज वगैरे ऐकू येतात?"

"पंखा बोलतो. दुकान बंद कर, म्हणतो." त्याने मान खाली घातली. "आणि ताई माझ्या चहात काहीतरी घालते."

तिने मांडीवरची पर्स घट्ट धरली.

"कशावरून?"

"लहानपणापासून आम्ही एक कप अर्धा-अर्धा पितो. सात महिने झाले, ही माझ्या कपाला तोंड लावत नाही. विचारलं की म्हणते, काही नाही रे त्यात, तुझ्या गळ्याशपथ."

डॉक्टर हसले. समजूतदारपणे हसले, आणि तेच तिच्या डोक्यात गेलं.

"सख्ख्या बहिणीवर संशय," लिहिता लिहिता ते म्हणाले. "आजार वाढलाय. आजच दाखल करू. गोळीही दुप्पट करावी लागेल."

दाखल म्हटल्याबरोबर भावाने खुर्चीची कड आवळून धरली.

"थांबा," ती म्हणाली. "ते संशयाचं आधी खोडा. चहाचं खरं आहे."

"म्हणजे?"

"सात महिन्यांपूर्वी मी एकटीच आले होते. हा यायला तयार नव्हता. याचं तोंडही न बघता तुम्ही गोळ्या लिहून दिल्यात. चहात कुस्करून घाला, कळू देऊ नका, म्हणालात. मागचं पान उलटा. तुमचंच अक्षर आहे."

डॉक्टरांनी पान उलटलं. वाचायला त्यांना बराच वेळ लागला.

"हे यांच्यासमोर बोलायला नको होतं," ते हळू आवाजात म्हणाले.

"मग कुणासमोर बोलू? सात महिने याच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलले मी. आणि तुम्ही तेच आजार म्हणून याच्या माथी मारताय? जरा तरी लाज बाळगा!"

तिला डॉक्टरांचा संताप आला होता. त्याहून जास्त स्वतःचा, कारण गोळी कुस्करणारा चमचा तिच्याच हातात असायचा.

डॉक्टरांनी ती ओळ खोडली. खुर्ची भावाकडे वळवली. "दाखल करायचं नंतर बघू. तुम्ही सांगा, पहिल्यापासून."

पण भाऊ रागाने बहिणीकडे बघत होता. त्याने छताकडे बोट केलं. पंखा मंद फिरत होता.

"आणि हा?"

"तो नाही रे बोलत," ती घाईने म्हणाली. "तुझ्या गळ्याशपथ."

"चहाच्या वेळीही असंच म्हणायचीस," तो म्हणाला.