गाणं संपल्यावर

दुसरं गाणं सुरू झालं तसा मितवल्ली खुर्चीवरून उठला आणि थेट पडद्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याच्या पांढऱ्या झग्यावर निळ्या लाटा आणि नाचणाऱ्या पोरांचे पाय हलू लागले.

"बंद करा हे!"

कुणीतरी दिवे लावले. पडद्यावरची पोरं फिकट झाली, पण गातच राहिली. मग आवाजही बंद झाला.

"आमची पोरं मासळीनं खाल्ली," मितवल्ली म्हणाला, "आणि हा साहेब त्यांना कंबर हलवायला लावतोय."

"पहिला सिनेमा बघून माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता," मागून एक बाई म्हणाली. "आता काय, टाळ्या पिटायच्या?"

"तिसऱ्या भागात वरात काढतील!"

थोडं हसू फुटलं आणि लगेच विझलं.

रऊफ भिंतीला टेकून उभा होता. दहा वर्षांपूर्वी याच गावावर त्यानं 'बुगाज' हा चित्रपट केला होता. नील नदी समुद्राला मिळते त्या मुखाला इथले कोळी बुगाज म्हणतात. त्याच्या आदल्या वर्षी इटलीला निघालेली, पोरांनी खच्चून भरलेली होडी तिथून थोड्याच अंतरावर उलटली होती. त्या चित्रपटात संगीताचा एक सूरही नव्हता. शेवटी आई दारात उभी राहून रस्त्याकडे बघत राहते, एवढंच. कैरोत लोक मान खाली घालून चित्रगृहाबाहेर पडले होते.

दुसऱ्या भागात गाणी आहेत हे फुटल्यापासून त्याची सगळीकडे टर उडत होती. ती त्यानं सोसली. पण प्रदर्शनाआधी हा चित्रपट गावाला दाखवीन, गाव नको म्हणालं तर गाणी काढून टाकीन, असा शब्द त्यानं दिला होता.

"होडीत पोरं गात होती," तो म्हणाला. "वाचलेल्या एका मुलानं मला सांगितलं होतं. तेव्हा ते चित्रपटात घ्यायचं धाडस मला झालं नाही."

"गात होती. भीतीनं गात होती," मितवल्ली म्हणाला. "तुझ्या तबल्यावर नाही."

लोक उठू लागले. खुर्च्या सरकल्या, चपला शोधल्या जाऊ लागल्या.

"दिवे घालवा," पहिल्या रांगेतून इन्शिराह म्हणाली. ती मितवल्लीची भावजय, त्या होडीतून गेलेल्या हिलालची आई. पहिला चित्रपट तिच्यावरच बेतलेला होता. "मला बघायचंय."

"वहिनी, उठ. घरी चल."

"तू जा. मी पुढचं बघते."

मितवल्ली गेला नाही, पण पडद्याकडे पाठ करून दाराशी उभा राहिला. अर्धाअधिक हॉल रिकामा झाला. उरलेल्या बायका इन्शिराहच्या आजूबाजूला येऊन बसल्या.

पडद्यावरची आई मासे साफ करायला बसे, आणि गाणं सुरू झालं की मुलगा आत येई. तिच्या ताटातला पाव पळवी, तिला हाताला धरून उठवी, गल्लीभर फिरवी. शेवटचा सूर थांबला की आई एकटीच असे. ओले हात मांडीवर ठेवून. रऊफ पडद्याकडे बघत नव्हता. इन्शिराह रडतेय का, रागावलीय का, हे त्याला मागून कळत नव्हतं. ती फक्त बघत होती.

चित्रपट संपला. दिवे लागले तरी ती बसून राहिली. रऊफ जाऊन तिच्यासमोर उकिडवा बसला.

"मावशी, तुम्ही सांगा. काढून टाकू गाणी?"

"तो गाण्यात येतो," ती म्हणाली.

"हो."

"गाणं संपलं की नसतो."

"हो."

"एकदासुद्धा थांबला नाही?"

"नाही, मावशी."

तिनं अंगावरच्या काळ्या चादरीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"मागच्या वेळी ती बाई दारात उभी राहिली. मला वाटलं, कैरोच्या शिकलेल्या माणसालाही वाटतंय, तो येईल. मग मीही उभी राहिले."

त्याच शेवटासाठी रऊफचं परदेशात कौतुक झालं होतं. तो तिच्या पायांकडे बघत राहिला.

"मितवल्ली," तिनं हाक मारली. "उद्या दुपारच्या नमाजानंतर खुर्च्या मांड. कुराण वाचायला शेखला बोलाव."

मितवल्ली दारातून दोन पावलं पुढे आला. हिलालचं प्रेत मिळालं नव्हतं. दोनदा त्यानं मांडव घालून सांत्वनाला लोक बोलावले होते, दोन्ही वेळा तिनं खुर्च्या गल्लीत भिरकावल्या होत्या. माझा मुलगा तिकडे इटलीत तुरुंगात असेल, ती ओरडली होती, जिवंत माणसाचा शोक करता?

"कोणासाठी?" त्यानं विचारलं.

"तुझ्या पुतण्यासाठी."

दुसऱ्या दिवशी गल्लीत मांडव पडला. रऊफ कैरोला परतला नव्हता. रांगेत उभ्या असलेल्या भाऊबंदांशी हात मिळवत तो मितवल्लीपर्यंत आला.

"राहतो तो एक अल्लाहच," तो पुटपुटला.

मितवल्लीनं हात सोडला नाही. "तुझी गाणी मला आजही नकोत."

"काढतो."

"मला नको विचारू, तिला विचार," मितवल्ली म्हणाला, आणि शेजारची खुर्ची त्याच्याकडे सरकवली. "बस."

दुखवट्याची बिनसाखरेची कॉफी आली. शेख दम घ्यायला थांबला तेव्हा घरातून इन्शिराहचा आवाज ऐकू आला. आधी एकटीचा, घोगरा, मग बायकांनी तो उचलला. जुनाच विलाप होता, अंथरुणावाचून निजलेल्या नवरदेवाचा. पुरुषांनी माना खाली घातल्या.

शेजारच्या गावाहून आलेल्या एका म्हाताऱ्यानं हळूच विचारलं, "पोरगा केवढा होता?"

"एकोणीस," मितवल्ली म्हणाला.

म्हातारा पुढे सरकला. मितवल्लीनं कॉफीचा कप दोन्ही हातांत धरला.

"परवापर्यंत ती त्याचं वय मोजत होती," तो रऊफकडे न बघता म्हणाला. "ईदला आली तेव्हा माझ्या बायकोला म्हणाली, हिलाल तिशीला टेकला गं, आता त्याच्यासाठी मुलगी बघायला घेऊ."