लवाजमा

कुंडलचे लालासाहेब पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. बोलणं हुकमासारखं सरळ असावं, असं त्यांचं मत. थोरल्या जयराजचं लग्न आठवड्यावर आलं आणि इस्लामपूरहून व्याही दिग्विजयरावांचा फोन आला. "आवं, लवाजमा न्हाई आणला तरी चालंल."

चालंल म्हणजे आणू नका, की आणाच? बँड, घोडा, फेटेवाले, सगळं ठरवून झालं होतं.

"लवाजमा म्हंजे थाटमाट," बायको अंजना म्हणाली. "आपला थाट खुपला आसंल त्यास्नी."

पुतणी पूजा कॉलेजात मराठी शिकवायची. तिनं वेगळंच सांगितलं. "तात्या, मूळ शब्द अरबी हाय. लाजिम, म्हंजे गरजेचं. सरदारासोबत जी माणसं, जे सामान लागायचंच, तो लवाजमा. पुढं त्याचा अर्थ डामडौल झाला."

"पलटणीत 'हाजिरी लाजमी है' म्हणायचे, त्यातलाच का?"

"व्हय, त्यातलाच."

लालासाहेब आणखीच गोंधळले. गरजेचं आणू नका, असं कुणी सांगतं का? शेवटी मोटारसायकल काढून त्यांनी इस्लामपूर गाठलं.

दिग्विजयराव बराच वेळ उसावर बोलत राहिले. मग हळूच म्हणाले, "आई आंथरुणाला खिळलीया. आवाजानं दचकती, डॉक्टरनं गोंगाट नगं म्हणून बजावलंय. पर सोयऱ्याला बँड आणू नगा म्हणायचं कसं?"

"येवढंच व्हय?" लालासाहेबांना हलकं वाटलं. घरी येऊन त्यांनी बँड रद्द केला.

वऱ्हाड मुकाट इस्लामपूरला, व्याह्यांच्या दारच्या मांडवात आलं. अक्षता पडल्यावर नवरानवरी दिग्विजयरावांच्या आईच्या, बनुबाईंच्या पाया पडायला आत गेली, मागोमाग दोघे व्याहीही गेले. त्या जयराजकडं बघत राहिल्या.

"ह्यो कोण?"

"नातजावई हाय तुमचा," लालासाहेब म्हणाले.

"मग वाजलं कसं न्हाई? लगीन कवा हाय?"

दिग्विजयरावांनी मान खाली घातली. डॉक्टरचं ऐकावं की म्हातारीचं, लालासाहेबांना सुचेना. त्यांनी व्याह्यांच्या शेजारच्या हलगीवाल्या नाथाजीला हलगी घेऊन बोलावलं आणि हळू वाजव म्हणून सांगितलं. हलगी हळू कशी वाजवायची, हे नाथाजीला उमगेना. त्यानं काड्या बाजूला ठेवल्या आणि खिडकीबाहेर बसून नुसत्या बोटांनी ताल धरला.

बनुबाईंनी डोळे मिटले. त्या झोपल्या की ऐकत होत्या, कुणालाच कळलं नाही. नाथाजीला थांब म्हणायचंही कुणाच्या जिवावर येईना, म्हणून तो वाजवतच राहिला.